आजोबांच्या फिल्म बॅजवरची शून्ये आणि युरेनियमची धूळ

फोंडा तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आजोबा गोवामुक्तीपूर्वी मुंबईला गेले, १९५८ च्या सुमारास ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेत अणुभट्टीचे इंधन तयार करणाऱ्या विभागात कारागीर म्हणून लागले आणि निवृत्तीनंतर गावी परतले. त्यांच्या ट्रंकेत फिल्म बॅजची, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजण्यासाठी छातीवर लावायच्या जुन्या बिल्ल्याची, एक रिकामी चौकट आणि जुन्या नोंदींचा एक कागद सापडला. त्या कागदावरील बहुतेक रकान्यांत शून्य लिहिलेले आहे. उतारवयात आजोबांना मूत्रपिंडाचा विकार झाला होता. तेव्हा ती शून्ये खरी मानायची का, ती चौकट घरात ठेवणे धोक्याचे आहे का, आणि काणकोणचा त्यांचा मावसभाऊ आता कैगा अणुवीज केंद्रात कंत्राटी कामावर लागला आहे, त्याचीही तपासणी अशाच बिल्ल्यावर होते का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. माझी सारी नोकरी किरणोत्सर्ग सुरक्षेच्या कामात गेली आणि फिल्म बॅजचे शेवटचे दिवस मी पाहिलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौकटीचे आधी सांगतो, कारण ते लगेच संपते. बीटा किंवा गॅमा किरण अंगावर पडल्याने वस्तू स्वतः किरणोत्सारी होत नाही; त्यामुळे ती चौकट कपाटात ठेवायला हरकत नाही. मात्र तिच्यात बसवलेल्या धातूच्या लहान चकत्यांपैकी एक कॅडमियमची असण्याचा संभव आहे आणि कॅडमियम विषारी आहे. ती चकती घासू नये, तापवू नये आणि मुलांच्या हाती खेळायला देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

ती शून्ये खरी आहेत, असेच मी मानीन. पण आपण विचारता त्या गोष्टीचे उत्तर त्या कागदावर नाही आणि कधी नव्हतेच. फिल्म बॅज शरीराबाहेरून येणाऱ्या किरणांची मात्रा सांगतो. नैसर्गिक युरेनियमपासून इंधन घडवणाऱ्या कारखान्यातला मुख्य धोका मात्र श्वासावाटे किंवा तोंडावाटे आत जाणाऱ्या धुळीचा असतो, आणि तिचा हिशेब हवेच्या नमुन्यांतून व लघवीच्या तपासणीतून निघतो. इंधन कोणते, ते कोणत्या रूपात आहे आणि त्यावर कोणती प्रक्रिया चालली आहे, यावर मोजणी कोणती करायची हे ठरते. हे ध्यानात न घेता नुसता बिल्ल्याचा आकडा वाचला की माणूस एकतर उगाच निर्धास्त होतो, नाहीतर उगाच घाबरतो.

आजोबा लागले तो काळ आपल्याकडील इंधन संशोधनाच्या अगदी आरंभीचा. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भट्टी सुरू झाली होती, पण तिचे समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनमधून आले होते. कॅनडाच्या साहाय्याने उभी राहत असलेली ४० मेगावॉटची सायरस भट्टी नैसर्गिक युरेनियम धातूवर चालायची होती, आणि तिच्या इंधनकांड्या शक्य तितक्या येथेच घडवायच्या असा होमी भाभांचा आग्रह होता. धातुशास्त्राचा भार ब्रह्मप्रकाश यांच्याकडे होता. ट्रॉम्बेच्या युरेनियम धातू कारखान्यातून ३० जानेवारी १९५९ रोजी पहिले युरेनियम बाहेर पडले, १९ फेब्रुवारी १९६० पर्यंत सायरससाठी १० इंधनकांड्यांचा पहिला संच तयार झाला आणि १० जुलै १९६० रोजी ती भट्टी सुरू झाली. आपले आजोबा त्या वर्षांत त्या विभागात असतील, तर ज्या कामाचा पूर्वानुभव देशात कोणालाच नव्हता ते काम त्यांनी हाताने केलेले आहे.

ते काम टप्प्याटप्प्याने पाहिले की धोका कुठे होता हे कळते. अशुद्ध युरेनियम संयुग प्रथम नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि ट्रायब्यूटिल फॉस्फेट या द्रावकाच्या साहाय्याने शुद्ध करून घेतात. शुद्धतेची अट कडक असते, कारण बोरॉनसारखे न्यूट्रॉन गिळणारे मूलद्रव्य दहा लाखांत एक भाग राहिले तरी नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीला ते जड जाते. मग अमोनिया घालून पिवळा साका पाडतात, तो भाजून ऑक्साइड करतात, हायड्रोजनने त्याचे क्षपण करतात आणि हायड्रोजन फ्लुओराइड वायूच्या साहाय्याने त्याचे हिरवे टेट्राफ्लुओराइड बनवतात. कॅल्शियम वा मॅग्नेशियमबरोबर बंद पात्रात या हिरव्या पुडीची अभिक्रिया घडवली की खाली धातूचा गोळा आणि वर मळी मिळते. हा धातू निर्वातात वितळवून ओततात, लाटतात, तासतात आणि शेवटी ॲल्युमिनियमच्या नळीत हवाबंद करतात. (यातला हायड्रोजन फ्लुओराइडचा टप्पा तत्काळ इजा करण्याच्या बाबतीत किरणोत्सर्गापेक्षा कितीतरी घातक असतो, किरणोत्सर्गाच्या धास्तीत लोक हे विसरतात.)

शुद्ध केलेल्या नैसर्गिक युरेनियमपासून बाहेरून येणारा गॅमा किरणांचा मारा फारच थोडा असतो. युरेनियम २३८ चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ४५० कोटी वर्षांचे आहे. म्हणजे ते अतिशय सावकाश क्षय पावते, आणि त्यातून निघणारे अल्फा कण त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडू शकत नाहीत. बीटा किरणांची गोष्ट वेगळी आहे. युरेनियमच्या क्षयातून तयार होणाऱ्या थोरियम २३४ आणि प्रोटॅक्टिनियम २३४ या वंशजांपैकी दुसऱ्याचे बीटा कण चांगले जोरकस असतात, आणि उघड्या युरेनियम धातूच्या पृष्ठभागाला टेकलेल्या हाताला तासाला सुमारे २ मिलिग्रे इतकी मात्रा त्वचेवर मिळू शकते. म्हणून चामड्याचे जाड हातमोजे वापरायचे. छातीवरच्या बिल्ल्याला या हाताच्या मात्रेचा फारसा पत्ता लागत नाही, त्यासाठी मनगटावर वेगळा बिल्ला बांधावा लागतो.

ओतकामाच्या भट्टीवर एक विचित्र प्रकार घडतो, तो नवख्या माणसाला ठाऊक नसतो. धातू वितळला की थोरियम त्याच्यात राहत नाही; ते वर तरंगणाऱ्या मळीत आणि मुशीच्या भिंतींवर जाऊन साचते. त्यामुळे नुकतीच ओतलेली लगड काही काळ पूर्वीपेक्षा सौम्य असते आणि जी रिकामी मूस आपण टाकाऊ समजतो तिच्यातूनच बीटा किरणांचा मारा जास्त निघतो. थोरियम २३४ चे अर्धायुष्य २४ दिवसांचे आहे, म्हणून मूस काही महिने बाजूला ठेवली की हा मारा बराचसा उतरतो. मूस खरवडणाऱ्या माणसाची धूळ आणि बीटा, अशी दुहेरी काळजी घ्यावी लागते. आजोबांनी नेमके कोणते काम केले हे घरात कोणाला आठवत असेल, तर ओतकाम, तासकाम, की नळ्या बंद करण्याचे काम, एवढा भेद कळणेही पुष्कळ उपयोगाचे आहे.

तासकामाचा धोका आणखी निराळा असतो. युरेनियमचा बारीक कीस हवेत आपोआप पेट घेतो. म्हणून कापताना त्यावर सतत द्रव सोडतात आणि निघालेला कीस तेलात बुडवून ठेवतात. पेटलाच, तर जो धूर निघतो तो ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि ते कण फुप्फुसात खोलवर जातात. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात राहिलेल्या माणसाला धूळ म्हटली की रस्त्यावरची लाल धूळ आठवते, जी दिसते, झाडांवर बसते आणि जिच्याविरुद्ध तक्रार करता येते. युरेनियमच्या धुळीची कामाच्या जागेसाठी दीर्घकाळ प्रचलित असलेली मर्यादा घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि इतकी धूळ डोळ्यांना दिसत नाही.

आता बिल्ल्याकडे येतो. फिल्म बॅज म्हणजे प्रकाशबंद वेष्टनातील छायाचित्रणाच्या फिल्मचा लहान तुकडा. चौकटीत त्याच्यावर काही जागा उघडी, काही जागा प्लॅस्टिकखाली आणि काही जागा तांबे, कॅडमियम, शिसे अशा धातूंच्या चकत्यांखाली असते. ठरावीक मुदतीने फिल्म धुऊन प्रत्येक जागेचा काळेपणा मोजतात. उघडी जागा काळी आणि धातूखालची स्वच्छ असेल तर बीटा किंवा मऊ, म्हणजे कमी भेदक, क्ष-किरण. सगळीकडे सारखा काळेपणा असेल तर भेदक गॅमा. ही चलाख युक्ती आहे, पण तिला खालची मर्यादा आहे. साधारण १० मिलिरेमपेक्षा, म्हणजे आजच्या भाषेत ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा कमी मात्रा फिल्मच्या मूळच्या धूसरपणात हरवून जाते आणि नोंदवहीत शून्य लिहिले जाते. म्हणून प्रत्येक शून्य हे ‘मोजता येण्याइतके नाही’ असे वाचावे. त्या काळच्या मर्यादेच्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५ रेमच्या तुलनेत हे फार थोडे आहे. आजोबांच्या जागी युरेनियमच हाताळले जात होते हे पाहता, छातीवरच्या बिल्ल्यात शून्ये येणे मला मुळीच संशयास्पद वाटत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. फिल्मवर उमटलेली सुप्त प्रतिमा उष्णतेने आणि दमट हवेने हळूहळू पुसट होते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात जिथे चपलांनाही बुरशी येते, तिथे फिल्मचे काय होईल हे गोव्यात सांगायला नको. यावर उपाय म्हणून फिल्म हवाबंद पिशवीत देत आणि ज्यांची मात्रा ठाऊक आहे अशा नियंत्रण फिल्म सोबत धुऊन त्यांच्याशी तुलना करत. तरीही हा दोष पुरता जात नाही. १९७५ पासून आपल्याकडे टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बिल्ला आला. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन टिकल्या असतात, त्या तापवल्या की साठलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाश देतात, आणि त्यांना दमटपणाचे फारसे भय नसते. गोव्यातील इस्पितळांच्या क्ष-किरण विभागांत काम करणाऱ्यांच्या छातीवरही आज हाच बिल्ला दिसतो.

धुळीची मोजणी कशी होते ते थोडे जवळून सांगतो, कारण या कामाचा खरा कस तिथे लागतो. काम करणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर पंप लावून ठरावीक घनफळाची हवा काचतंतूंच्या गोल गाळण कागदातून ओढतात. मग तो कागद झिंक सल्फाइडच्या पडद्याखाली ठेवून अल्फा कण मोजतात. कागद पंपातून काढल्या काढल्या मोजला तर आकडा बघून धडकी भरते. तो आकडा बहुतांशी युरेनियमचा नसतोच. जमिनीतून आणि भिंतींतून येणाऱ्या नैसर्गिक रेडॉन व थोरॉन वायूंचे वंशज कागदावर चिकटलेले असतात, आणि वारा पडलेल्या थंडीच्या पहाटे तर ते विशेष असतात. रेडॉनचे वंशज तीन-चार तासांत जवळपास संपतात. थोरॉनच्या वंशजांतील शिशाचे अर्धायुष्य १०.६ तास असल्यामुळे त्यांना काही दिवस द्यावे लागतात. म्हणून एकच कागद त्याच दिवशी दुपारी, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा चार दिवसांनी मोजायचा, आणि जो आकडा खाली यायचा थांबतो तो युरेनियमचा धरायचा. यातली पंचाईत अशी की खरे उत्तर हाती येईपर्यंत कामगाराने ती हवा घेऊन झालेली असते. या कारणाने हवेचा नमुना हा जागा सुधारण्यासाठी, आणि लघवीचा नमुना हा माणसासाठी, असा आमचा हिशेब असे.

विद्राव्य युरेनियम रक्तात मिसळले की त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग एका दिवसात लघवीवाटे बाहेर पडतो. लघवीच्या नमुन्याची राख करून ती सोडियम फ्लुओराइडबरोबर वितळवतात आणि थंड झालेला मणी अतिनील प्रकाशाखाली धरतात. युरेनियम असेल तर तो पिवळट हिरवा चमकतो, आणि चमक किती आहे त्यावरून मायक्रोग्रॅममध्ये प्रमाण काढतात. साधी दिसणारी ही पद्धत अत्यंत संवेदनशील आहे. नमुना कधी घ्यायचा यालाही अर्थ असतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर चढण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यात काल-परवाचे निघून गेलेले असते आणि फुप्फुसातून सावकाश झिरपणारे तेवढे दिसते. पाळी संपल्यावर घेतलेला नमुना त्या दिवशीची चूक दाखवतो. ऑक्साइडची धूळ मात्र रक्तात फार हळू उतरते. तिच्याबाबत लघवीचा आकडा लहान दिसला तरी फुप्फुसात बरेच असू शकते, म्हणून तिथे हवेच्या नोंदी आणि लघवीच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात.

हे सारे ज्ञान आपल्याकडे तयार आले नव्हते, आणि बाहेरही ते फार जुने नव्हते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली भट्टी पेटली तेव्हा पुरेसा युरेनियम धातूच जगात उपलब्ध नव्हता. थोडा धातू आणि उरलेला ऑक्साइड असे घालून काम भागवले गेले. आयोवा राज्यातील एम्स येथे फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने टेट्राफ्लुओराइडपासून धातू काढण्याची जी रीत बसवली, तिच्याच वंशातली रीत पुढे ट्रॉम्बेत वापरली गेली. ‘हेल्थ फिजिक्स’ हा, म्हणजे किरणोत्सर्गापासून माणसाच्या संरक्षणाचा, व्यवसायही त्याच शिकागोच्या प्रकल्पात जन्माला आला. १२ डिसेंबर १९५२ रोजी कॅनडातील एनआरएक्स भट्टीत इंधनकांड्या फुटून तळघर दूषित पाण्याने भरले. सायरसचा आराखडा याच एनआरएक्सवर बेतलेला असल्याने तो अपघात आपल्या लोकांना परका नव्हता. ऑक्टोबर १९५७ मध्ये, म्हणजे आजोबा लागण्याच्या थोडेच आधी, इंग्लंडमधील विंडस्केल येथे धातूच्या इंधनाला आग लागली आणि आयोडिन १३१ मुळे सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातील दूध काही आठवडे ओतून द्यावे लागले. भट्टीच्या आवाराबाहेरची हवा, गवत आणि दूध यांची नियमित मोजणी किती आवश्यक आहे हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही. ट्रॉम्बेत अनिल कुमार गांगुली यांच्या नेतृत्वाखाली हेल्थ फिजिक्सची घडी बसली, आणि अणुवीज केंद्र सुरू होण्याच्या आधीपासून परिसराची मोजणी करून ठेवायची हा रिवाज पडला. मला त्यांची ही दूरदृष्टी सर्वांत मोलाची वाटते, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावर नुसता वाद होतो.

आजोबांच्या मूत्रपिंडाच्या विकाराबद्दल सरळ लिहितो. विद्राव्य युरेनियम मूत्रपिंडाला अपाय करते हे खरे आहे. शिसे करते त्याच अर्थाने, जड धातू म्हणून, आणि नैसर्गिक युरेनियमच्या बाबतीत हा रासायनिक परिणाम किरणोत्सर्गाच्या परिणामाच्या आधी दिसतो. मात्र तो मुख्यतः मोठी मात्रा एकदम गेली असता लगेचच्या दिवसांत लघवीतील प्रथिनांवरून उघड होतो. नोकरी सुटून अनेक वर्षांनी, उतारवयात उद्भवलेल्या विकाराला मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखडा ही कारणे कितीतरी अधिक संभवतात, आणि विकाराच्या नुसत्या स्वरूपावरून डॉक्टरांना कारण वेगळे काढता येत नाही. या प्रश्नावर प्रकाश टाकू शकेल असा पुरावा एकच: त्या काळच्या लघवी तपासणीच्या नोंदी. भाभा अणुसंशोधन केंद्राकडे व्यावसायिक मात्रांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. पत्र लिहाल तर आजोबांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक, विभाग आणि नोकरीची वर्षे द्यावीत, आणि मागणी करताना ‘फिल्म बॅजच्या नोंदी’ एवढेच न लिहिता ‘लघवीतील युरेनियमच्या तपासणीच्या नोंदी’ असे वेगळे लिहावे. तसे न लिहिल्यास आपल्याकडे आहे त्याच शून्यांची प्रत पुन्हा येईल.

मावसभावाची गोष्ट निराळी आहे. कारवारजवळ काळी नदीच्या काठी असलेल्या कैगा केंद्रात २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत. त्यांचे इंधन हैदराबादहून येते: युरेनियम ऑक्साइडच्या भाजलेल्या टिकल्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बंद केलेल्या असतात. धातूऐवजी ऑक्साइड आले, कारण धातू किरणांच्या माऱ्याखाली फुगतो, वाकतो, आणि पाण्याशी गाठ पडली की झपाट्याने झिजतो. त्यामुळे युरेनियमच्या धुळीचा प्रश्न कैग्यात नाही. तिथे गॅमा किरण असतात, ज्यांसाठी टीएलडी बिल्ला उत्तम आहे, आणि जड पाण्यात (ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो अशा पाण्यात) न्यूट्रॉनच्या माऱ्याने तयार होणारे ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असते, ज्याचा बिल्ल्याला पत्ताच लागत नाही. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की ते बिल्ल्याच्या वेष्टनातूनही आत शिरत नाहीत. पण ट्रिटियमयुक्त पाण्याची वाफ श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जाते. नोव्हेंबर २००९ मध्ये कैग्यात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले आणि पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. हा प्रकार बिल्ल्यांवरून कळला नाही, नेहमीच्या लघवी तपासणीत कळला. शरीरातील असे पाणी साधारण दहा दिवसांत निम्मे होते आणि भरपूर पाणी पाजून तो वेग वाढवता येतो. म्हणून लवकर कळणे महत्त्वाचे असते.

मावसभावाने बिल्ला रोज लावावा, पण आपली सगळी मोजणी त्यात आली असे धरून चालू नये. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादा, म्हणजे पाच वर्षांत मिळून १०० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, या आतील आणि बाहेरील मात्रेची बेरीज करून पाहायच्या असतात. तेव्हा स्वतःची नोंद मागताना दोन्ही रकाने पाहावेत. जड पाण्याशी संबंधित जागेत काम केल्यावर लघवीचा नमुना देणे चुकवू नये, कामाची पाळी संपली आणि बस सुटायची घाई असली तरीसुद्धा. कंत्राट संपून बाहेर पडताना शेवटचा नमुना द्यावा आणि एकूण मात्रेची लेखी नोंद कंत्राटदाराकडून मागून घ्यावी, कारण पुढच्या केंद्रावर काम धरताना तीच आधी विचारली जाते.